कुत्र्याच्या वाट्याची पोळी

दिल्ली आणि तिच्या आसपासच्या मुलखात स्वयंपाकघराची एक जुनी रीत आहे. तव्यावरची पहिली पोळी गायीची आणि शेवटची कुत्र्याची. मधल्या सर्व माणसांच्या. पहिली पोळी मऊ, गोल आणि नेटकी उतरते. शेवटची बहुधा परातीत उरलेल्या कणकेची असते; लहानशी, जाडसर, कडेला फाटलेली. परंतु ती होते, आणि ज्याच्यासाठी ती होते तो प्राणी त्या घरातला नसतो. तो गल्लीतला असतो. त्याच्या गळ्यात पट्टा नसतो, त्याला ठरलेले नाव असेलच असेही नाही, आणि त्याच्यावर त्या घराची मालकी तर मुळीच नसते. तरीही त्या घराच्या कणकेत त्याचा वाटा असतो.

याच दिल्लीच्या परिसरात, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद येथील उंच इमारतींतून, गेल्या काही वर्षांत एक निराळीच भट्टी पेटली आहे. गृहिणी आणि तरुण मुली घरच्या ओव्हनमध्ये कुत्र्यांसाठी बिस्किटे भाजतात. नाचणीचे किंवा ओट्सचे पीठ, उकडलेला भोपळा, रताळे, अंडे, कोठे कोंबडीची कलेजी, असे मिश्रण मळून ते लाटले जाते, हाडाच्या आकाराच्या साच्याने कापले जाते, भाजून वाळवले जाते आणि कागदी पिशवीत बांधून शेजारीपाजारी विकले जाते. कुत्र्याच्या वाढदिवसाचा केकही मागणीप्रमाणे मिळतो.

वरवर पाहता हे शेवटच्या पोळीचेच सुधारलेले रूप वाटेल. इतिहास मात्र तसे सांगत नाही. या दोन खाद्यांच्या मुळाशी कुत्र्याविषयीच्या दोन भिन्न कल्पना आहेत. एकीत कुत्रा हा वाटेकरी आहे. दुसरीत तो कोणाच्या तरी मालकीचा आहे. या दोन कल्पना कोठून आल्या, कशा वाढल्या आणि आज दिल्लीच्या रस्त्यावर एकमेकींसमोर येऊन का उभ्या राहिल्या, हे पाहण्यासारखे आहे.

कुत्रा आणि धान्य यांचे नाते मानवी इतिहासाइतकेच जुने नसले, तरी शेतीइतके जुने खचित आहे. लांडगा हा मांसाहारी प्राणी. कुत्रा त्याचाच वंशज. परंतु 2013 साली स्वीडनमधील संशोधकांनी कुत्रा व लांडगा यांच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा एक मोठा मौजेचा भेद उघड झाला. पिष्टमय पदार्थ पचविणारा स्राव ज्या जनुकामुळे निर्माण होतो, त्या जनुकाच्या लांडग्यात बहुधा दोनच प्रती असतात. कुत्र्यात त्या चारपासून तीसपर्यंत आढळल्या. याचा अर्थ असा की, माणसाच्या उकिरड्यावर आणि उंबरठ्यावर हजारो वर्षे वावरताना, माणसाने टाकलेले धान्य खाऊन खाऊन, कुत्र्याची प्रकृतीच बदलली. माणसाने कुत्र्याला शिकविले हे खरेच. पण माणसाच्या भाकरीनेही त्याला घडविले.

भारतात या सहवासाच्या खुणा पुष्कळ आहेत. काश्मीरमधील बुर्झाहोम येथे नवाश्मयुगीन दफनांत माणसांसमवेत कुत्र्यांची हाडे मिळाली. पंजाबातील रोपड येथे सिंधू संस्कृतीच्या काळातील एका दफनात माणसाच्या सोबत कुत्रा पुरलेला आढळला. सिंधमधील चन्हुदडो येथे 1935–36 साली झालेल्या उत्खननात तर एक वीट अशी मिळाली की, जिच्यावर मांजराच्या आणि तिच्यामागे धावणाऱ्या कुत्र्याच्या पावलांचे ठसे आहेत. वीट ओली होती, वाळत पडली होती, आणि तिच्यावरून हा पाठलाग घडून गेला. चार हजार वर्षांपूर्वीच्या नगरातही कुत्रे मोकळे हिंडत होते, याचा याहून बोलका पुरावा कोणता असणार?

वेदवाङ्‌मयात कुत्र्याला मानाचे स्थान आहे. सरमा ही इंद्राची दूती. पणींनी लपविलेल्या गायींचा माग तिने काढला, आणि तिचा व पणींचा संवाद ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात येतो. यमाच्या वाटेवर पहारा करणारे दोन श्वान हे तिचेच पुत्र. पुढे गृहस्थधर्माची मांडणी झाली, तेव्हा रोजच्या वैश्वदेवात कुत्र्यासाठी अन्नाचा भाग काढून ठेवण्याचा नियम झाला. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात तो आहे. श्राद्धाच्या दिवशी गाय, कुत्रा, कावळा, देव आणि मुंगी यांच्यासाठी जे पाच भाग काढतात, त्यांतही श्वानाचा एक आहे. महाराष्ट्रातील घरांतून काकबलीची आठवण अधिक ठळक राहिली, कारण कावळा शिवण्याकडे सर्वांचे डोळे लागलेले असतात. परंतु पानाच्या कडेला कुत्र्याचा घासही असतोच.

या विधानात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, हे अन्न भिरकावून द्यावयाचे नाही, ते जमिनीवर हळुवारपणे ठेवावयाचे आहे. मांडीखाली पाट घेऊन बसलेल्या गृहस्थाला शास्त्राने सांगितले आहे की, आधी उठ, बाहेर जा आणि मुक्या प्राण्याला दे. दुसरी गोष्ट मात्र तितकीच कटू आहे. त्याच श्लोकात कुत्र्यांच्या पंक्तीला पतित आणि चांडाळ मानलेली माणसेही बसविलेली आहेत. ज्या समाजाने कुत्र्याचा घास विसरला नाही, त्याने माणसाला मात्र उंबरठ्याबाहेर ठेवले. 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह केला, तेव्हा प्रश्न हाच होता. ज्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती, तेथे माणसांना मज्जाव होता. प्राण्यावरील दयेचा इतिहास सांगताना ही बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कुत्र्याला दिलेली पोळी हा दात्याच्या संपूर्ण सौजन्याचा पुरावा नव्हे.

संतांनी ही विसंगती आपल्या परीने ओळखली होती. नामदेवांची गोष्ट महाराष्ट्रात सर्वांस ठाऊक आहे. कुत्रा भाकरी घेऊन पळाला, तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी भाकरी देवाच्या घशाखाली कशी उतरेल म्हणून. ही कथा ऐतिहासिक घटना म्हणून कोणी तपासू नये. तिचे मर्म निराळे आहे. विधीत कुत्र्याचा वाटा होता. नामदेवांच्या कथेत त्या वाट्याला तूप लागले. कर्तव्याच्या जागी आपुलकी आली. आणि ज्याला कुत्र्यात विठ्ठल दिसतो, त्याला माणसात तो न दिसणे अशक्यच, असेही ती कथा सुचविते. नामदेव पुढे पंजाबपर्यंत गेले. त्यांची पदे शिखांच्या ग्रंथसाहिबात आहेत.

मुंबईच्या पारशी समाजातही अशीच एक चाल होती. जेवणापूर्वी कुत्र्यासाठी घास काढून ठेवीत. पारशी धर्मात कुत्र्याला फार मोठा मान. मृत देहावर कुत्र्याची दृष्टी पडावी, असा त्यांचा अंत्यविधीतील संकेत आहे. म्हणूनच 1832 सालच्या जून महिन्यात, मुंबईच्या पोलिसांनी मोकाट कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा शांत म्हणून ओळखला जाणारा हा समाज रस्त्यावर उतरला. कोटातील बाजार बंद पडला, दंगल झाली, लष्कर बोलवावे लागले. या प्रकरणानंतर दोनच वर्षांनी, 1834 साली, मुंबईच्या पांजरापोळाची स्थापना झाली. तिच्यामागे सर जमशेटजी जीजीभाई आणि गुजराती व्यापारी होते. रस्त्यावरचा कुत्रा हा सरकारच्या व्यवस्थेचा विषय की समाजाच्या धर्माचा, हा वाद भारतात प्रथम कडाडून पेटला तो असा, मराठी मुलखाच्या किनाऱ्यावर.

पुन्हा दिल्लीकडे वळावयाचे, तर वाट महाभारतातून जाते. या महाग्रंथाच्या आरंभीच एका कुत्र्याची कथा आहे. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचे सत्र चालू असता सरमेचा पुत्र तेथे गेला आणि राजाच्या भावांनी त्याला मारले. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावले नव्हते, त्याकडे पाहिलेही नव्हते. सरमा जाब विचारावयास आली. उत्तर मिळाले नाही, तेव्हा, निरपराध्याला मारलेत, तुमच्यावरही न दिसणारे भय कोसळेल, असा शाप देऊन ती निघून गेली. आणि त्याच ग्रंथाच्या अखेरीस युधिष्ठिर हिमालय चढत असता एक कुत्रा त्याच्या मागे राहतो. भाऊ पडले, द्रौपदी पडली, कुत्रा उरला. स्वर्गाच्या रथात त्याला जागा नाही म्हटल्यावर युधिष्ठिराने स्वर्ग नाकारला. एवढ्या विशाल ग्रंथाच्या दोन्ही टोकांना हे दोन कुत्रे बांधलेले असावेत, ही गोष्ट लहान नाही. पहिल्याच्या बाबतीत राजकुळ चुकले. दुसऱ्याच्या बाबतीत त्याच कुळातल्या थोराने ती परीक्षा दिली.

दिल्लीतील पुराणा किल्ला हे पांडवांचे इंद्रप्रस्थ, असे परंपरा मानते. त्या किल्ल्याच्या तटाला लागून भैरवाचे स्थान आहे, आणि त्याची स्थापना भीमाने केली, असे भाविक सांगतात. तेथे एक किलकारी भैरव आणि एक दुधिया भैरव. पहिल्याला मद्य, दुसऱ्याला दूध. भैरवाचे वाहन कुत्रा. म्हणून भैरवाच्या नावाने दिल्लीकर काळ्या कुत्र्याला दूध, पोळी, कधी जिलबीही घालतात. महाराष्ट्रात खंडोबाच्या आणि दत्ताच्या पायाशी कुत्रे आहेत. दत्ताचे चार श्वान म्हणजे चार वेद, असे भाविक मानतात. दिल्लीत तो मान भैरवाच्या कुत्र्याकडे गेला. देव निराळे असले, तरी अन्नाचा रोख एकच.

राजदरबारातील कुत्र्याची कथा मात्र दुसऱ्या वाटेने जाते. तेथे कुत्रा हा वाटेकरी नाही, तो राजाचा आहे. अबुल फझलने ‘आइने अकबरी’त अकबराच्या श्वानप्रेमाची नोंद केली आहे. काबूलकडून, विशेषतः हजारा मुलखातून, उत्तम कुत्री येत. त्यांना दागिने घालीत, नावे देत, आणि प्रत्येकाला रोज दोन शेर मांसाचा शिधा बांधून दिलेला होता. शिधा ठरला, त्याची नोंद झाली, की प्राणी सरकारी झाला.

जहांगीराच्या काळी इंग्रजांचा वकील सर टॉमस रो दरबारी आला. कंपनीने नजराण्यासाठी मास्टिफ जातीचे धिप्पाड कुत्रे पाठविले होते. रोचा पाद्री एडवर्ड टेरी याने त्यांची हकीकत लिहून ठेवली आहे. बादशहाने प्रत्येक कुत्र्यामागे चार चाकर नेमले. दोघांनी त्याला पालखीतून न्यावे, दोघांनी शेजारून चालत माश्या वाराव्यात. आणि कुत्र्याला स्वहस्ते खाऊ घालण्याची लहर आली, म्हणजे वापरण्यासाठी बादशहाने चांदीचा एक चिमटा घडवून घेतला होता. लाडाचा घास मालकाच्या हातून मिळावा, ही आजच्या बिस्किटामागची कल्पना येथे संपूर्ण तयार दिसते. फक्त बोटांच्या जागी चांदी होती.

मराठी राज्यातही असा एक कुत्रा होऊन गेला. शाहू महाराजांचे बालपण आणि तारुण्य मोगलांच्या छावणीत गेले. शिकारीची आणि कुत्र्यांची त्यांना मोठी आवड. शिकारीत वाघापासून त्यांचा जीव एका कुत्र्याने वाचविला, असे सांगतात. परंपरा त्याला खंड्या म्हणते. ग्रँट डफने लिहिले आहे की, त्या कुत्र्याला जहागिरीची सनद आणि पालखीचा मान मिळाला होता. आणि एकदा तर थाटामाटाच्या गर्वाने आलेल्या एका सरदाराला धडा देण्यासाठी महाराजांनी कुत्र्याला जरीची वस्त्रे व दागिने घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. साताऱ्याजवळ संगम माहुलीला त्या कुत्र्याची समाधी दाखवितात. पालखी जहांगीराच्या कुत्र्यालाही होती आणि शाहूंच्या कुत्र्यालाही. पहिल्याची पालखी हौसेची होती, दुसऱ्याची कृतज्ञतेची.

इंग्रजी अंमलात साहेबाच्या बंगल्यावर कुत्र्यासाठी स्वतंत्र नोकर असे. दोरी धरून हिंडविणारा, म्हणून त्याला ‘डोरिया’ म्हणत. गव्हर्नर जनरल ऑकलंडची बहीण एमिली ईडन 1838 साली दिल्लीला आली, तेव्हा तिच्यासमवेत तिचा लाडका कुत्रा ‘चान्स’ होता आणि चान्सचा खास नोकरही होता. या नोकरांनी कुत्र्यांना काय घातले असेल, ते सहज कळण्यासारखे आहे: भात, मटणाचा रस्सा, चपात्या. साहेबाचा कुत्राही हिंदुस्थानात अन्नाच्या बाबतीत हिंदुस्थानीच होता.

परंतु त्याच शतकात लंडनमध्ये असे काही घडले की, त्यामुळे कुत्र्याचे अन्न स्वयंपाकघरातून कारखान्यात गेले. युरोपातही पूर्वी कुत्र्याला धान्यच घालीत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन शेतकीलेखक कॉलुमेला कुत्र्यांसाठी जवाचे पीठ आणि निवळी यांची शिफारस करतो. पुढे सरदारांच्या शिकारी कुत्र्यांसाठी कोंड्याची रोटी निराळी भाजली जाई. 1860 च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाचा एक अमेरिकन व्यापारी विजेपासून घराचे रक्षण करणारे दांडे विकण्यासाठी लंडनला आला. धक्क्यावरील कुत्री खलाशांची टाकून दिलेली कडक बिस्किटे खातात, हे पाहून त्याला कल्पना सुचली, असे सांगतात. ‘बिस्किट’ या शब्दाचा मूळ अर्थच दोनदा भाजलेले. पाण्याचा अंश घालविला, की भाकरी महिनोन्‌महिने टिकते. जहाजावर हेच अन्न. स्प्रॅटने गव्हाचे पीठ, बीट, भाज्या आणि वाळविलेले मांस एकत्र करून कुत्र्यांची वडी तयार केली आणि ती कुत्र्यांच्या धनिक मालकांना विकली.

स्प्रॅटने वडीच विकली असे नव्हे. कुत्र्याला माणसाच्या ताटातले उरलेले घालणे हे हयगयीचे लक्षण आहे, ही समजूतही तिच्याबरोबर विकली. त्याच्या दुकानात चार्ल्स क्रफ्ट नावाचा एक तरुण नोकरीस होता. त्याने पुढे कुत्र्यांची प्रदर्शने भरविली, आणि 1891 साली त्याच्या नावाने सुरू झालेले प्रदर्शन जगप्रसिद्ध झाले. जातिवंत कुत्रा, त्याची वंशावळ, त्याचे प्रदर्शन आणि त्याचे खास अन्न ही सारी एकाच धंद्याची अंगे होती. अमेरिकेत 1908 साली एका बिस्किट कारखान्याने दुधाचे कुत्रा-बिस्किट काढले. त्याला हाडाचा आकार आला. तेव्हापासून कणकेचे हाड ही वस्तू जगभर कुत्र्याच्या खाऊची खूण होऊन बसली. खऱ्या हाडाला जो पैसा पडत नव्हता, तो त्याच्या आकाराला पडू लागला.

भारतात ही वस्तू रुजावयास वेळ लागला. कारण येथे कुत्र्याला घरचे अन्न घालण्यात कोणाला कमीपणा वाटत नव्हता. धनगराचा कुत्रा मेंढरांमागे चालतो आणि भाकरीचा चतकोर खातो. मुधोळची शिकारी कुत्री तर याचे उत्तम उदाहरण. घोरपडे घराण्याच्या मुधोळ संस्थानात राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही लांब पायांची, निमुळत्या तोंडाची जात निगुतीने वाढविली. संस्थान 1948 मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले आणि 1956 नंतर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले. पण सीमेच्या दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी ती कुत्री जोंधळ्याच्या आणि मक्याच्या कण्या, भाकरी, दूध यांवर पोसली. त्यांच्यावर 2005 साली भारतीय टपाल खात्याने तिकीट काढले.

या कुत्र्यांचा दिल्लीच्या परिसराशी संबंध अगदी अलीकडे आला. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणाऱ्या मेरठ येथे लष्कराच्या रिमाउंट व पशुवैद्यक दलाचे केंद्र आहे. तेथे 1960 सालच्या मार्चमध्ये लष्करी कुत्र्यांच्या शिक्षणाची शाळा सुरू झाली. दीर्घकाळ तेथे विलायती जातींचेच राज्य होते. 2016 साली मुधोळची पिले मेरठला नेण्यात आली. कृष्णेच्या खोऱ्यातील भाकरीवर वाढलेल्या वंशाला असा यमुनेच्या दोआबात सरकारी शिधा मिळू लागला. अकबराच्या दोन शेरांची ती आधुनिक आवृत्ती होय.

आता त्या नोएडा-गुरुग्रामच्या भट्टीकडे. ती पेटण्याची कारणे समजण्याजोगी आहेत. 2007 साली उत्तर अमेरिकेत कारखान्यांतील प्राण्यांच्या खाद्यात मेलामिन हे रसायन मिसळलेले आढळले, अनेक कुत्री-मांजरे मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली, आणि फार मोठ्या प्रमाणावर माल परत घ्यावा लागला. बंद डब्यावरचा विश्वास तेव्हापासून ढळला. पुढे 2020 च्या महामारीत माणसे घरात अडकली. अनेकांनी कुत्री पाळली, अनेकांनी घरी भाजण्याचा उद्योग आरंभिला. ही दोन्ही पाती जुळली. घरच्या हातचे, ताजे, ज्यात काय आहे ते ठाऊक असलेले, अशी या खाऊची ख्याती झाली. स्प्रॅटने स्वयंपाकघराविषयी जी शंका दीड शतकापूर्वी पेरली होती, ती उलटून कारखान्यावरच आली.

परंतु घरचे म्हणजे निर्धोक, हे गणित कुत्र्याच्या बाबतीत नेहमी बरोबर येत नाही. माणसाला रुचणारे कित्येक पदार्थ त्याला विष आहेत. चॉकलेटमधील द्रव्य त्याच्या शरीरातून सावकाश निघते आणि हृदयावर आघात करते. द्राक्षे आणि मनुका यांनी त्याची मूत्रपिंडे बिघडतात. कांदा-लसणाने रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. साखरेऐवजी घालण्यात येणारे झायलिटॉल तर थोडेही पुरे. त्याने रक्तातील साखर एकाएकी उतरते आणि यकृत निकामी होऊ शकते. ते काही शेंगदाण्याच्या लोण्यांतही असते, आणि हे लोणी कुत्र्यांच्या बिस्किटांत आवडीने घालतात. म्हणून डब्यावरील बारीक अक्षरे वाचणे हे येथे पाककलेचेच अंग आहे. बिस्किट पुरते वाळले नाही, तर आपल्या दमट पावसाळ्यात त्याला चार दिवसांत बुरशी धरते. आणि कितीही चांगले असले, तरी तो खाऊ आहे, जेवण नव्हे. दिवसाच्या आहारात त्याचा भाग दहाव्या हिश्शापलीकडे जाऊ नये, असे पशुवैद्य सांगतात.

कायद्याच्या दृष्टीनेही हा उद्योग मोठ्या चमत्कारिक जागी उभा आहे. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात अन्न म्हणजे माणसाच्या सेवनासाठी असलेला पदार्थ. पशुखाद्य त्या व्याख्येतून वगळले आहे. भारतीय मानक संस्थेने कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी मानक ठरविलेले आहे. पण मानक असणे वेगळे आणि प्रत्येक घरगुती भट्टीपर्यंत ते पोहोचणे वेगळे. त्यामुळे अखेरची हमी उरते ती भाजणारीच्या सचोटीची. शेवटच्या पोळीलाही दुसरी कोणती हमी होती?

मात्र या साऱ्यात एक प्रश्न मागे राहतो, आणि दिल्लीत तो 2025 साली फार तीव्रतेने पुढे आला. बिस्किट मालकाच्या कुत्र्यासाठी आहे; ज्याला मालक नाही, त्याचे काय? शेवटच्या पोळीची व्यवस्था उभी होती ती बैठ्या घरांवर, ओळखीच्या गल्लीवर आणि दारात येऊन बसणाऱ्या ठराविक कुत्र्यांवर. घरे वीस मजली झाली, दार लिफ्टपाशी उघडू लागले, आणि पोळी देणारा हात व घेणारे तोंड यांच्यामध्ये पहारेकरी आला. खाली कुत्र्यांची संख्या वाढत गेली, कारण शहराचा कचरा उघडाच राहिला आणि निर्बीजीकरणाचे काम मागे पडले. कुत्रा चावणे ही तेथे किरकोळ गोष्ट राहिली नाही. अलर्काची लक्षणे एकदा दिसू लागली, की तो रोग बहुधा प्राण घेतोच, आणि त्याचे बळी अनेकदा लहान मुले आणि उघड्यावर झोपणारी गरीब माणसे असतात. ज्या आईचे मूल या रोगाने गेले, तिच्यापुढे सरमा आणि युधिष्ठिर यांच्या कथा सांगण्याचे धाडस कोणी करू नये.

2021 साली दिल्ली उच्च न्यायालयाने रस्त्यावरील कुत्र्यांना अन्नाचा आणि नागरिकांना त्यांना ते देण्याचा हक्क आहे, असे म्हटले. त्या निकालाला सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्थगिती दिली आणि त्याच वर्षी ती मागेही घेतली. 2023 च्या केंद्रीय नियमांनी, वसाहतीने अन्न घालण्याच्या जागा ठरवाव्यात, मुलांच्या खेळाच्या जागा आणि जाण्यायेण्याच्या वाटा सोडून त्या असाव्यात, असे सांगितले. मग 11 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठाने दिल्ली व परिसरातील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. शहर दुभंगले. अकराच दिवसांनी, 22 ऑगस्टला, तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो आदेश बदलला. निर्बीजीकरण आणि लस झाल्यावर कुत्री मूळ ठिकाणी सोडावीत, अलर्कग्रस्त आणि आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत. रस्त्यावर वाटेल तेथे अन्न घालू नये, प्रत्येक प्रभागात त्यासाठी नेमलेली जागा असावी. नोव्हेंबरात शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा ठिकाणांहून कुत्री हलविण्याचा स्वतंत्र आदेश निघाला.

1832 च्या मुंबईत जो वाद बंदुकीच्या आवाजाने सुरू झाला होता, तो 2025 च्या दिल्लीत न्यायासनासमोर चालला, एवढी प्रगती मान्य करावयास हवी. परंतु या आदेशांतील एक शब्द इतिहासाच्या अभ्यासकाला थांबवितो. तो शब्द म्हणजे ‘नेमलेली जागा’. वैश्वदेवातही अन्न ठेवण्याची जागा नेमलेलीच होती. घास केव्हा काढावा, कोठे ठेवावा, कसा ठेवावा, हे ठरलेले होते. भूतदया ही लहर नव्हती, शिस्त होती. देणारा अन्न ठेवून निघून जात नसे. तो त्या गल्लीचा, त्या कुत्र्याला ओळखणारा, ते पिसाळले तर हाकाटी करणारा गृहस्थ होता. आजच्या शहरात कित्येकदा उरले आहे ते नुसते देणे. चहाच्या टपरीवर ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा फोडावा, चार कुत्र्यांपुढे टाकावा आणि गाडीत बसून निघून जावे, यात दया आहे, पण जबाबदारी नाही. आणि जबाबदारी नसली, की तो घास दुसऱ्याच्या मुलाच्या वाटेवर पडतो.

घरी बिस्किटे भाजणाऱ्यांपैकी काहीजणी मोडकी, जळकी, साच्यातून नीट न निघालेली बिस्किटे वेगळ्या डब्यात ठेवतात आणि ती खालच्या पहारेकऱ्याजवळ देतात. तो ती, लस टोचलेल्या आणि खुणेसाठी कानाचे टोक कापलेल्या कुत्र्यांना, भिंतीपलीकडच्या ठरलेल्या कोपऱ्यात घालतो. विकाऊ मालातून काढलेला हा भाग वाकडातिकडा असतो, कडेला करपलेला असतो. परातीतल्या उरल्या कणकेची ती जुनी पोळीही अशीच दिसत असे.